यजमान गेल्यातच जमा

खालचा जबडा, उजवीकडची शेवटची दाढ. डॉक्टरांनी कापसाचा बोळा दाबून बसवला आणि म्हणाले, "आता तासभर तोंड उघडायचं नाही."

*

न्हाव्याच्या खुर्चीत एक माणूस. डावीकडचे केस कापून झालेले, उजवीकडचे अजून मागच्या महिन्यातले.

*

काचेच्या खोलीत एक पंखा. घर्रर्र, खट्. घर्रर्र, खट्. ज्याचं औषध वेळेवर कुणी आणलं नाही अशा म्हाताऱ्यासारखा.

*

दुधात बुडवलेलं बिस्किट. तोंडापर्यंत पोचायच्या आत निम्मं परत कपात पडतं, आणि एक बाई त्या कपाकडे अशी बघते की कपानेच मान खाली घालावी.

*

फोनमध्ये दोन ग्रुप, एकाखाली एक. 'आपली माणसं' आणि 'आपली मशीनं'. अंगठा मात्र एकच, तोही थंडीने गारठलेला.

*

सकाळी अकरापर्यंत या पाच गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता.

*

तो गारठलेला अंगठा जिचा, तिला कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये सगळे सर्व्हरबाई म्हणायचे. शहरातले दातांचे डॉक्टर आपल्या पेशंटांच्या जबड्यांची स्कॅन तिथे पाठवत, आणि पुढच्या दालनातली यंत्रं त्याबरहुकूम दात कोरून देत. हा सगळा कारभार मागच्या काचेच्या खोलीतल्या एका दणकट काळ्या पेटीवर चाले. पेटी एकच, पण तिच्या पोटात पाच मशीनं राहत. खरी नव्हेत, मानलेली. एक हिशेबाचं, एक ऑर्डरींचं, एक पत्रव्यवहाराचं, एक यंत्रांना हुकूम सोडणारं. आणि पाचवं, सगळ्यांत जड, ज्यात आजवरचे सगळे जबडे होते.

हिशेबनीसकाकांना हे सुरुवातीला पटेना. "पेटी एक, तर मशीनं पाच कशी? मला वेड्यात काढता काय?"

"काका, असं समजा," सर्व्हरबाई म्हणाली होती, "एक मोठं घर आहे. घराला एक यजमान. त्याच्याकडे पाच पाहुणे उतरलेत. जागा त्याची, वीज त्याची, अन्नपाणी त्याचं. पण प्रत्येक पाहुण्याला वाटतं, घर आपलंच आहे."

"असले पाहुणे माझ्याकडे दर सुट्टीत येतात," काका म्हणाले, आणि त्यांना त्या क्षणी सगळं शास्त्र कळलं.

तेव्हापासून ती पेटी 'यजमान' झाली. नुसतं यजमान नव्हे, अहो-जाहो करून. 'यजमानांना आज ताप आहे.' 'यजमानांचा पंखा पुसायला हवा.' चहावाल्यालासुद्धा यजमानांची तब्येत विचारायची सवय लागली. आणि दूर कुठेतरी जी प्रचंड इमारत होती, जिथे असे शेकडो यजमान रांगेने उभे असतात, एक आडवा झाला तर शेजारचा त्याच्या पाहुण्यांना ताट वाढतो, आणि जिथे भाडं भरून आपले पाहुणे ठेवता येतात, तिला सगळे 'ढग' म्हणायचे. शब्द छान रुजले. ऑफिसच्या दारापलीकडे ते शब्द वेगळंच काही सांगतात, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

यजमान थकले होते. सर्व्हरबाई वर्षभर मालकांच्या मागे लागली होती, "पाहुणे ढगात हलवू या." मालक माणूस सोन्यासारखा, पण 'पुढचा महिना' हा त्यांचा आवडता महिना होता. शेवटी यजमानांनी एकदा भर दुपारी डोळे पांढरे केले, तेव्हा कुठे मालक हलले. चार पाहुणे सुखरूप गेले. पाचवा आज जायचा होता.

"साहेब, तासभर यंत्रं थांबवा," तिने सकाळी विनवलं. "इंटरनेटची सगळी लाइन यंत्रंच खातात. जबड्यांचा पाहुणा अवजड आहे. वाट मोकळी मिळाली तर लवकर पोचेल. यजमानांनी आता एकदा डोळे मिटले की ते परत उघडणार नाहीत."

"चालता धंदा थांबवू? अहो बाई, कुणी गेलं-बिलं तर गोष्ट वेगळी. उगाच कसा थांबवणार?"

सर्व्हरबाईने स्वेटर चढवला, कानटोपी घातली आणि ती त्या गार खोलीत जाऊन बसली. तिला सगळ्याच जबड्यांची काळजी होती. पण त्यांतल्या एकाची जरा जास्त.

*

तो जबडा आत्याबाईंचा होता.

आत्याबाई म्हणजे तिच्या नवऱ्याची आत्या. दातांसाठी म्हणून दोन महिन्यांपूर्वी त्यांच्याकडे आल्या होत्या. तोंडात उरलेले सगळे दात त्यांनी एकाच आठवड्यात काढून घेतले आणि 'हूं' की 'चूं' केलं नाही. अट एकच घातली. काढायच्या आधी त्यांच्या दातांचं स्कॅन घ्यायचं, आणि नवे दात हुबेहूब तसेच हवेत. पुढचा एक दात वाकडा होता, तो वाकडाच हवा.

"अहो, सरळ करून देतो की," डॉक्टर म्हणाले होते.

"सरळ दात बघून माझ्याशी कुणी लग्न केलं नव्हतं," आत्याबाई म्हणाल्या होत्या.

ज्यांनी केलं होतं, ते आता नव्हते. दातही आता नव्हता. त्याचा आकार मात्र होता, पाचव्या पाहुण्याच्या पोटात, आणि जगात दुसरीकडे कुठेही नाही. हिरड्या भरून येईपर्यंत आत्याबाई दुधात बिस्किट बुडवत थांबल्या होत्या आणि फावल्या वेळात सुनेला वळण लावत होत्या. सून नवऱ्याला नावाने हाक मारायची, रागावली की आडनावाने. आत्याबाईंना हे खपत नसे. "अगं, चार माणसांत तरी 'यजमान' म्हणावं."

"आत्याबाई, यजमान म्हटलं की मला पंखाच आठवतो हो," ती म्हणायची. आत्याबाईंना वाटायचं, पोरगी कामाने शिणली आहे.

नवरा बसस्थानकावर घोषणा करायचा. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली हे सांगणारा आवाज त्याचा. चेहरा फारसा कुणाला माहीत नव्हता, पण त्याने 'मागे सरका' म्हटलं की शेकडो माणसं मागे सरकत. त्या दिवशी तो दाढ काढायला गेला होता. ही गोष्ट त्याने बायकोखेरीज कुणाला सांगितली नव्हती, कारण आत्याबाईंना 'दात काढायला काय घाबरायचं' असं सांगताना तो फार मोठ्याने बोलला होता.

*

घर्रर्र, खट्. घर्रर्र. घर्रर्र. (खट् आलाच नाही.)

 सर्व्हरबाईने गारठलेल्या अंगठ्याने ऑफिसच्या ग्रुपवर, 'आपली मशीनं'वर, घाईघाईने लिहिलं:

'यजमान गेल्यातच जमा. शेवटच्या पाहुण्याला ढगात पाठवतेय. होईपर्यंत कुणी हाक मारू नका.'

मग फोनचा आवाज बंद केला, तो खणात टाकला आणि खण लावून घेतला.

अंगठा एका ओळीने चुकला होता.

*

(पाहुणा निघाला.)

*

"आत्या, वाचलंस?" न्हाव्याच्या खुर्चीतून सर्व्हरबाईच्या धाकट्या दिराने फोन केला.

"वाचलं. धाकट्या, तिने 'यजमान' लिहिलंय रे."

"तेच तर!"

"दोन महिने घसा कोरडा केला मी, यजमान म्हण, यजमान म्हण. आज म्हणाली. पण कधी म्हणाली रे!"

"आत्या, थांब. 'गेल्यातच जमा' म्हणजे गेला का?"

"जमा म्हणजे जमा."

"म्हणजे अजून थोडा शिल्लक आहे. सकाळी मी त्याचा आवाज ऐकलाय, फलाट दोनवर. आणि हा शेवटचा पाहुणा कोण?"

आत्याबाईंनी बिस्किट कपात बुडवलं.

"आत्या, घरात सध्या पाहुणं कोण आहे?"

"मीच."

"आणि ढगात पाठवतेय म्हणजे..."

पलीकडे कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. मग आत्याबाई म्हणाल्या, "तरीच. दुधाला आज जरा वेगळी चव होती."

"आत्या, तू पुढचा घोट घेऊ नकोस. मी दादाला फोन लावतो."

दादाचा फोन वाजला, पण उचलला एका बाईने.

"ते ना? ते गेले," बाई म्हणाली.

धाकट्याने न्हाव्याच्या खुर्चीचा हात घट्ट धरला. "कधी?"

"आत्ताच, थोड्या वेळापूर्वी. फोन इथेच राहिला बघा त्यांचा."

"कुठून बोलताय?"

"दवाखान्यातून."

"कसे... कसे गेले?"

"अगदी शांत. आधी घाबरले होते, पण सगळेच घाबरतात. मग डॉक्टरांनी सुई दिली. त्यानंतर एक शब्द नाही बोलले."

"त्रास फार झाला?"

"मुळं खोल गेली होती ना, म्हणून जोर लावावा लागला. पण एकदाचं सुटलं. आता सुटका झाली म्हणायची."

"शेवटी काही म्हणाले का हो?"

"बोलणार कसं? हाताने खूण केली, 'येतो' अशी. फार सोज्वळ माणूस. फोन न्यायला कुणी येताय ना? संध्याकाळपर्यंत उघडं आहे."

धाकटा उठला. गळ्यातलं न्हाव्याचं कापड तसंच ठेवून रस्त्यावर आला. "अहो, अर्धं डोकं राहिलंय!" न्हावी ओरडला.

"आता कशाला हवंय डोकं!" धाकटा म्हणाला.

*

(पाहुणा पाव गेला. वाटेत गर्दी फार. पुढच्या दालनातली यंत्रं सगळी लाइन ओढत होती.)

*

वहिनी फोन उचलेना, म्हणून त्याने लॅबचा नंबर लावला. फोन हिशेबनीसकाकांनी घेतला.

"वहिनींना निरोप द्यायचा होता," धाकट्याचा आवाज फुटला. "सर्व्हरबाईंना. त्यांचे यजमान गेले हो."

"गेले का?" काकांनी सुस्कारा टाकला. "वाईट झालं. पण खरं सांगू? अपेक्षितच होतं."

"अपेक्षित?"

"वर्षभर घरघर चालली होती. इथपर्यंत ऐकू यायची. मालकांना कितीदा म्हटलं, आता नवा बघा."

"नवा?"

"मग? जुन्यात किती जीव ओतणार? बाईंनीच दोन-तीन पाहून ठेवलेत. फोटो दाखवले मला. एक तर फारच देखणा आहे हो. आणि मुख्य म्हणजे आवाज करत नाही."

"वहिनींनी पाहून ठेवलेत?"

"त्यांच्याशिवाय कोण बघणार? त्यांनाच सांभाळायचाय. आता या जुन्याचं पोट उघडू, कामाचे भाग काढून घेऊ, बाकीचं भंगारवाला नेईल."

"अहो काका! माझा सख्खा भाऊ आहे तो!"

काकांच्या हातातलं पेन थांबलं. "तो यजमान?"

"किती यजमान असतात बाईमाणसाला?"

काकांच्या डोक्यात दोन यजमान होते. त्यांतला एक हळूच खाली बसला आणि दुसरा उभा राहिला. हा दुसरा काकांनी कधी पाहिला नव्हता, पण त्याचा आवाज ते रोज ऐकायचे. निवृत्त व्हायला आलेल्या त्या माणसाची इतक्या वर्षांत एकही गाडी चुकली नव्हती, ती त्या आवाजामुळे. त्यांनी फोन ठेवला आणि भिंत धरत मालकांच्या खोलीत गेले.

मालकांनी ऐकलं.

"आणि बाई कुठे आहेत?"

"आत. पाहुणा हलवताहेत."

"म्हणजे नवरा गेला, आणि ही बाई आपले जबडे वाचवत बसली आहे?"

"होईपर्यंत कुणी हाक मारू नका, असं सकाळी आत जाताना म्हणाल्या होत्या. तेव्हा मला वाटलं, कामाचं म्हणताहेत."

"आणि मी त्यांना तासभर दिला नाही. 'कुणी गेलं तर गोष्ट वेगळी' म्हणालो. काका, माझ्या जिभेला हाड नाही हो." मालकांनी डोळे पुसले आणि उठले. "थांबवा. सगळी यंत्रं थांबवा. धंदा गेला खड्ड्यात."

दात कोरणारी यंत्रं एकेक करून थांबली. धूळ खाली बसली. कारागीर मास्क काढून उभे राहिले. त्यांच्यातल्या प्रत्येकाला सर्व्हरबाईने कधी ना कधी विसरलेला पासवर्ड काढून दिला होता, तोही न हसता. लॅब उघडल्यापासून भर दिवसा तिथे एवढी शांतता कधी झाली नव्हती.

*

(आणि मोकळ्या वाटेवरून पाहुणा धावत सुटला. अर्धा. अर्ध्याहून जास्त.)

*

सर्व्हरबाईला बाहेरचं काही कळत नव्हतं. कानटोपी कानांवर, पाठ दाराकडे, डोळे पडद्यावर. तिने फक्त एवढं पाहिलं की पाहुणा अचानक वेगाने जाऊ लागला आहे, आणि यजमान तेवढ्याच वेगाने खचताहेत. तिने पेटीवर हात ठेवला आणि ती त्यांच्याशी बोलू लागली. हे ती नेहमीच करायची, पण एरवी यंत्रांच्या आवाजात कुणाला ऐकू येत नसे.

"जाऊ नका हो. एवढ्यात नका जाऊ. किती वर्षं साथ दिलीत, कधी तक्रार केली नाहीत. माझंच चुकलं, तुमच्याकडे लक्ष द्यायला हवं होतं."

काचेबाहेर उभ्या असलेल्या कारागिरांपैकी दोघांनी माना खाली घातल्या.

त्याच वेळी रिक्षातून आत्याबाई आणि धाकटा उतरले. धाकट्याच्या गळ्यात अजून न्हाव्याचं कापड होतं आणि डोक्यावर दोन वेगवेगळे महिने. आत्याबाई काचेपाशी पोचल्या तेव्हा आतून आवाज आला, "एवढा एक पाहुणा जाऊ द्या. मग तुम्ही खुशाल डोळे मिटा."

आत्याबाईंनी धाकट्याचं मनगट धरलं. "ऐकलंस?"

"ऐकलं. आत्या, चल, आपण निघू."

"कुठे निघू?" आत्याबाईंनी पदर खोचला. "डोक्यावर परिणाम झालाय पोरीच्या. होणारच. मला ढगात पाठवायचं तर पाठवू दे. दोन महिने हिने माझं बिस्किट मऊ होतंय का ते रोज बघितलंय. आज तिला एकटी सोडून मी कुठे जाऊ?"

हे ऐकून मालकांना राहवेना. "आजी, सगळं थांबवलंय. पण खोलीतलं ते धूड चालूच आहे बघा. त्या घरघरीत तिला धड रडताही येत नसेल. मेनच बंद करतो. दोन मिनिटं शांतता पाळू, मग तिला बाहेर आणू."

काकांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मेनबद्दल आपल्याला काहीतरी सांगितलेलं आहे असं त्यांना पुसटसं आठवत होतं. पण दुःखात शास्त्र आठवत नाही. मालक दारालगतच्या बोर्डाशी गेले. त्यांनी मोठ्या बटणावर हात ठेवला.

(पाऊण.)

आणि दार उघडून यजमान आत आले.

*

दाढ काढून आलेल्या माणसाला सहानुभूती लागते. ती घरी मिळण्यासारखी नव्हती, कारण घरी आत्याबाई होत्या. म्हणून नवरा दवाखान्यातून थेट बायकोच्या ऑफिसला आला होता. गालावर बर्फाची पिशवी, आणि ती पडू नये म्हणून हनुवटीखालून टाळूपर्यंत बांधलेला पांढरा रुमाल. चेहरा कागदासारखा.

काका जवळच्या स्टुलावर बसले. धाकटा म्हणाला, "दादा?"

नवऱ्याने धाकट्याचं डोकं पाहिलं. आत्याबाईंना पाहिलं. उभे कारागीर पाहिले. आणि मग त्याची नजर मालकांच्या हातावर, हाताखालच्या बटणावर आली. सकाळी बायको काय सांगत होती, ते त्याला आठवलं. त्याने बर्फाची पिशवी फेकली आणि मालक आणि बोर्ड यांच्यामध्ये जाऊन पाठ टेकून उभा राहिला.

"आआ आऊ अअअ!" तो गरजला.

ज्या आवाजाने 'मागे सरका' म्हटलं की शेकडो माणसं मागे सरकत, त्या आवाजात आता एकही व्यंजन नव्हतं. मालक मागे सरकले खरे, पण ते भीतीने. त्याच्या खांद्यावरून बटणावर गेलेला हात मात्र सुटेना. हात तिथेच थिजला होता.

"आआ आऊ अअअ! अअ एएं अअ आअ आअअ!"

"भूत," काका पुटपुटले. "बोलता येत नाही त्याला."

"का येत नाही? स्वच्छ बोलतोय की," आत्याबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"दोन महिने मीही असंच बोलतेय," आत्याबाई करवादल्या. "'हात लावू नका' म्हणतोय. 'बंद केलं तर दात जातील' म्हणतोय. कुणाचे दात रे?"

"उउए!"

"तुझे म्हणतो." आत्याबाईंनी छातीला हात लावला. "माझे? माझे दात त्या खोलीत आहेत?"

नवऱ्याने जोरजोरात मान हलवली. काकांना अखेर सगळं शास्त्र एकदम आठवलं. "साहेब, हात काढा! मेन बंद केलं तर यजमान जातील! हे नव्हे, ते! आणि आजींचे दात शेवटच्या पाहुण्यात आहेत!"

आत्याबाईंनी मालकांचं मनगट धरलं आणि बटणावरून उचललं, जसं ओट्यावरून मांजर उचलतात. मग त्या पुतण्यापाशी गेल्या आणि त्यांनी त्याचा सुजलेला गाल चाचपला. गाल गरम होता. त्यांनी दुसरा गालही चाचपून पाहिला.

"दाढ काढलीस?"

नवऱ्याने मान खाली घातली.

"रडलास?"

त्याने किंचित मान हलवली.

"बरं केलंस," आत्याबाई म्हणाल्या, आणि मग त्या इतक्या रडल्या की धाकट्याने गळ्यातलं न्हाव्याचं कापड सोडून त्यांच्या हातात दिलं.

*

(जवळजवळ. जवळजवळ. पोचला.)

*

घर्रर्र. घर्र. घ.

काचेच्या खोलीचं दार उघडलं. सर्व्हरबाईने कानटोपी काढली. समोर अख्खी लॅब ओल्या डोळ्यांनी उभी होती. ती इतकी थकली होती की तिला याचं नवलही वाटलं नाही.

"पोचला," ती म्हणाली. "शेवटचा पाहुणा ढगात पोचला." आणि मग तिने मागे वळून पेटीकडे पाहिलं. "त्याला पोचवलं आणि त्याच क्षणी यजमान गेले."

"हा काय उभा आहे!" आत्याबाई ओरडल्या.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. मग दिराच्या डोक्याकडे. मग तिला खण आठवला. फोन काढून तिने 'आपली माणसं' उघडला, आणि तिचा चेहरा आधी पांढरा, मग लाल, मग पुन्हा पांढरा झाला.

"कुठल्या शहाण्याने काढला हा शब्द?" आत्याबाईंनी विचारलं. "मशीनला कुणी यजमान म्हणतं का?"

सगळे सर्व्हरबाईकडे बघू लागले. नवरा छताकडे बघू लागला.

"पण साहेब," सर्व्हरबाई म्हणाली, "मध्येच लाइन कशी काय मोकळी झाली? तशीच तुंबलेली असती तर पाहुणा अर्ध्यातच राहिला असता. यजमान काही थांबणार नव्हते."

मालकांनी घसा खाकरला. "यंत्रं थांबवली होती."

"तुम्ही? कशी काय?"

"तुमचे मिस्टर गेले म्हणून."

तिने नवऱ्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. नंतर म्हणाली, "बरं झालं रे, तू गेलास."

"अं," नवरा म्हणाला. याचा अर्थ लावायला आत्याबाई लागल्या नाहीत.

दोन मिनिटांची शांतता तयारच होती, ती वाया कशाला घालवायची, असं काकांचं म्हणणं पडलं. म्हणून सगळे काचेच्या खोलीसमोर उभे राहिले आणि त्या काळ्या पेटीसाठी ती पाळली गेली. पहिला रुमाल मालकांनी काढला. "इतकी वर्षं पाच-पाच पाहुणे सांभाळले," ते म्हणाले, "आणि मी एक पंखा बदलून दिला नाही." त्यांनी पेटीवरची धूळ स्वतः पुसली. भंगारवाल्याला ती पुढे कधीच दिली गेली नाही. काकांनी तिच्यावर कुंडी ठेवली.

*

संध्याकाळी नवरा खाटेवर पडून बायकोच्या फोनवर 'आपली माणसं' वाचत होता. चुलतभावाने लिहिलं होतं, 'मला सायकल त्याने शिकवली, स्वतःचे गुडघे फोडून.' शेजारणीने लिहिलं होतं, 'माझा मुलगा परगावी निघाला, तेव्हा यांनी घोषणेत त्याची गाडी दोनदा सांगितली, मी उशिरा पोचणार हे माहीत होतं म्हणून.' कुणी लिहिलं होतं, 'असा माणूस पुन्हा होणे नाही.' आणि त्याच्याखाली कुणीतरी, 'माझी शिडी त्याच्याकडे आहे, पण आत्ता नको.'

"हे पुसून टाकते," सर्व्हरबाई म्हणाली. "अपशकुनी वाटतं."

नवऱ्याने फोन छातीशी धरला. मग त्याने उठून माळ्यावरची शिडी काढली आणि ती परत द्यायला निघाला.

धाकटा त्याच न्हाव्याकडे गेला. राहिलेलं अर्धं डोकं न्हाव्याने फुकट केलं. "बातमी खोटी निघाली ना," तो म्हणाला, "मग झालं तर."

*

हिरड्या भरून आल्यावर ढगातून आत्याबाईंचा जबडा खाली उतरवला गेला, आणि नव्या यजमानांच्या हुकुमाने यंत्रांनी त्यांचे दात कोरले. हा यजमान देखणा होता आणि आवाज करत नव्हता. कवळी बसवून आत्याबाईंनी आरशात पाहिलं. वाकडा दात वाकडाच होता. त्या आरशासमोर बराच वेळ बसल्या आणि कुणी त्यांना हाक मारली नाही.

निघायच्या दिवशी सून त्यांना गाडीपर्यंत सोडायला आली. पिशवीत बिस्किटांचा पुडा होता, कोरडा खायला.

"येते गं. यजमानांना सांभाळ."

"कुठल्या?"

"दोन्ही," आत्याबाई म्हणाल्या.

गाडी फलाट तीनवर लागली होती. कर्णा खरखरला. "फलाट तीनवरची गाडी सुटण्याच्या तयारीत आहे. प्रवाशांनी आपापल्या जागी बसून घ्यावं. पुढून दुसऱ्या खिडकीतल्या आत्याबाईंनी कृपया एकदा हसावं."

सगळा फलाट त्या खिडकीकडे बघू लागला. आत्याबाईंनी आधी पदर तोंडाशी नेला. मग तो खाली केला.

*

'यजमान' हा शब्द नवऱ्यानेच काढला होता, ती काळी पेटी ऑफिसात आली त्या संध्याकाळी, भांडी पुसता पुसता.